कला-इतिहासकाराच्या घरातली चित्रं लिलावात : आधुनिक बल्गेरियन चित्र पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात एखादे ज्येष्ठ कला-इतिहासकार वारतात, घर मुलांच्या ताब्यात येतं, आणि मग कधीतरी त्यांच्या भिंतींवरची, कपाटांतली, पलंगाखालच्या फायलींमधली चित्रं लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दिसायला लागतात. वर मथळा असतो, ‘प्राध्यापक अमुक यांचा खासगी संग्रह’. एवढ्या एका ओळीने बोली चढते. जाणकाराच्या घरात होतं म्हणून चित्र अस्सल ठरत नाही, आणि चांगलं असेलच असंही नाही. अशा संग्रहाचं खरं मोल चित्रांबरोबर येणाऱ्या कागदांत असतं. कागद असतील तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. नुसतं नाव असेल तर मुळीच मोजू नका.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: जर्मनी-नेदरलँड्सकडे नोकरीला असलेले आणि युरोपातल्या लिलावांवर नजर ठेवणारे, आणि पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन बोली लावू पाहणारे. काहीशे ते काही हजार युरोंची तयारी आहे, भिंतीवर काहीतरी वेगळं हवंय, पण बल्गेरियन चित्रकलेतलं एकही नाव नीट माहीत नाही, असं गृहीत धरतो.

पहिली पायरी : बोलीआधी नावं ओळखीची करून घ्या

बल्गेरिया ऑटोमन सत्तेतून सुटला १८७८ मध्ये. सोफियातली सरकारी चित्रकला शाळा सुरू झाली १८९६ मध्ये, आणि तिच्या संस्थापकांत इव्हान म्र्क्विच्का हा मूळचा चेक चित्रकार होता. म्हणजे लिलावात येणारी जवळजवळ सगळी आधुनिक कला सव्वाशे-दीडशे वर्षांतली. नवख्याला हे सोयीचं आहे. सगळा पट डोक्यात मावतो.

१९२०च्या दशकात ‘रोद्नो इझ्कुस्त्वो’, म्हणजे देशी कलेचा जोर होता. देवचित्रं, भरतकाम, लाकडावरचं कोरीवकाम यांतून स्वतःची शैली काढायची ही धडपड. इव्हान मिलेव्ह हा त्यातला सगळ्यात तेजस्वी माणूस. काझानलुकचा. काळे रुमाल बांधलेल्या आया, लांबट चेहरे, सोनेरी रंगाची झाक. १९२७ मध्ये तिशी गाठण्याआधीच फ्लूने गेला. पाच लेव्हाच्या (लेव्ह हे बल्गेरियाचं जुनं चलन) नोटेवर त्याचाच चेहरा होता. व्लादिमिर दिमित्रोव्ह याला सगळे ‘मायस्तोरा’ म्हणतात. क्युस्तेंदिलजवळच्या शिश्कोव्त्सी गावात त्याने बराच काळ काढला. सफरचंदं, फुलं आणि त्यांच्यामधून थेट आपल्याकडे बघणाऱ्या शेतकरी मुली ही त्याची ओळख.

पुढचा टप्पा १९३१चा, ‘नव्या चित्रकारांची संस्था’ स्थापन झाली तेव्हाचा. इव्हान नेनोव्ह, व्हेरा नेदकोवा, ड्रेस्डेनला ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काकडे शिकलेला बेंचो ओब्रेश्कोव्ह, दाविद पेरेत्स, एलिएझेर अल्शेह. यांची चित्रं शहराची आहेत: खोलीतली बाई, समुद्रकिनारा, टेबलावरची बाटली, कडेच्या वस्तीतली गल्ली. रंग दबलेले, आरडाओरडा नाही. मला स्वतःला बल्गेरियन चित्रकलेतला हाच काळ सगळ्यात जवळचा वाटतो, आणि कला-इतिहासकारांच्या घरांतही हीच मंडळी जास्त सापडतात. त्याला कारण आहे. ९ सप्टेंबर १९४४ नंतर सत्ता बदलली, समाजवादी वास्तववाद हा अधिकृत रस्ता ठरला आणि या शैलीवर ‘फॉर्मलिझम’चा, म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपाच्या मागे लागल्याचा शिक्का बसला. अलेक्सांदर झेंदोव्ह हा तर कट्टर डावा व्यंगचित्रकार, पण त्याने १९५० मध्ये चित्रकारांवरच्या पक्षाच्या हुकमतीवर टीका केली आणि त्यालाही बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. सरकारी भिंतींवर जागा नसलेली कामं मग मित्रांच्या, समीक्षकांच्या घरी टिकून राहिली.

प्लोवदिव्हचा रंग वेगळा. तिथला झ्लात्यु बोयाजिएव्ह १९५१ मध्ये पक्षाघाताने उजव्या अंगाने लुळा पडला आणि डाव्या हाताने रंगवायला शिकला. आधीची आणि नंतरची चित्रं दोन वेगळ्या माणसांची वाटावीत इतका फरक पडला. त्सांको लाव्रेनोव्हने जुनं प्लोवदिव्ह आणि मठ रंगवले. १९६०च्या दशकात त्याच शहरात गेओर्गी बोझिलोव्ह (सगळे त्याला ‘स्लोना’, म्हणजे हत्ती म्हणत), योआन लेविएव्ह, दिमितर किरोव्ह, एंचो पिरोंकोव्ह असा एक तरणा गट उभा राहिला. सोफियात गेंको गेंकोव्हची भडकलेली निसर्गचित्रं आणि लिका यांकोची पांढुरकी, खडे-मणी-दोरे चिकटवलेली चित्रं याच पिढीची.

ज्यूल पास्कँ जन्माने विदीनचा, गेओर्गी पापाझोव्ह यांबोलचा, क्रिस्तो गाब्रोवोचा. पण ही मंडळी पॅरिस-न्यूयॉर्कच्या बाजाराची झाली, त्यांचे भावही तिकडचे. पापाझोव्हसारख्यांना फ्रेंच कॅटलॉगांत शोधताना आडनावाचा शेवट ‘ओव्ह’ऐवजी ‘ऑफ’, म्हणजे शेवटी दोन एफ, असा टाकून पाहा. कित्येक लॉट, म्हणजे लिलावातले क्रमांक दिलेले नग, नुसत्या स्पेलिंगमुळे नजरेतून सुटतात.

सोफियाला जाणं झालं तर ‘क्वाद्रात ५००’ (राष्ट्रीय कलादालनाचं २०१५ मध्ये सुरू झालेलं मोठं दालन) आणि सिटी गार्डनमधलं सोफिया शहर कलादालन, ही दोन ठिकाणं आधी. प्लोवदिव्हच्या जुन्या भागात झ्लात्युचं कायमचं दालन आहे. प्लेवेनला जुन्या सार्वजनिक स्नानगृहाच्या इमारतीत चित्रकार स्वेतलिन रुसेव्हने दान दिलेला संग्रह आहे, आणि एखाद्या जाणकाराने काय आणि का जमवलं हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. जाणं शक्य नसेल तर जुन्या लिलावांचे निकाल ऑनलाइन चाळा. डोळा चित्रं पाहूनच तयार होतो, किमती पाहून नव्हे.

मिलेव्ह, मायस्तोरा आणि झ्लात्यु या तिघांपासून पहिल्या खेपेला लांबच राहा. भाव जास्त, खोटी कामं जास्त, आणि चुकलं तर नुकसान मोठं.

दुसरी पायरी : संग्रह कोणाचा होता, आणि त्याच्याकडे चित्रं आली कशी

व्यापाऱ्याचा संग्रह विकत घेऊन बनतो. कला-इतिहासकाराचा बराचसा संग्रह ओळखीतून बनतो. प्रदर्शनाबद्दल लिहिलं, चित्रकाराने एक रेखाचित्र हातात ठेवलं. कॅटलॉगची प्रस्तावना लिहिली, त्याबद्दल एक छापचित्र मिळालं. वाढदिवसाला जलरंग आला. समाजवादी काळात चित्रांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार होतं. समीक्षकाच्या शब्दाला वजन होतं, आणि भेटवस्तूंमागे स्नेह किती आणि हिशोब किती हे आज कोणी सांगू शकत नाही.

याचा परिणाम लॉटच्या यादीत सरळ दिसतो. मोठे कॅनव्हास थोडे. लहान आकाराचे अभ्यास, पेन्सिल आणि शाईची रेखाटनं, लाकूडठसे, एचिंग, लिनोकट अशी छापचित्रं भरपूर. इलिया बेश्कोव्हसारख्या रेखाटनाच्या उस्तादाचं एखादं शाईचं पान निघतं. चित्रकाराने समीक्षकाला आपलं सर्वोत्तम काम देऊन टाकलं असं क्वचितच घडतं, ते संग्रहालयाला जातं. पण हाताशी होतं, मनात होतं, असं काहीतरी दिलेलं असतं, आणि नवख्यासाठी तेच उत्तम. वीस बाय तीस सेंटिमीटरचा, नेनोव्हने बसल्या बैठकीला केलेला अभ्यास मला कितीतरी सरकारी प्रदर्शनी कॅनव्हासांपेक्षा जास्त काही सांगतो.

लिलाव कंपनीला लेखी विचारायचे प्रश्न असे.

हे चित्र कुठे छापलं गेलंय का? चित्रकार हयात असताना निघालेल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये किंवा पुस्तकात छायाचित्रासह असेल तर त्याहून भक्कम पुरावा नाही. त्या पानाचा फोटो मागा.

चित्रावर किंवा पाठीवर अर्पण आहे का? ‘माझ्या मित्राला, स्नेहाने’ अशी ओळ, नाव, तारीख, सही. काही खरेदीदारांना दुसऱ्याच्या नावाचं चित्र भिंतीवर नको असतं, त्यामुळे भाव थोडा पडतो. तुम्हाला तोच भाव हवाय. अर्पण हा फुकट मिळालेला मालकीचा दाखला असतो.

पत्रं, फोटो, पावत्या आहेत का, आणि त्या लॉटबरोबर मिळणार की वेगळ्या विकणार? बरेचदा पत्रव्यवहाराचा गठ्ठा स्वतंत्र लॉट म्हणून लावतात. चित्र एकीकडे, त्याचा पुरावा दुसरीकडे. निदान स्कॅन मिळवा.

आणि सगळ्यात नाजूक प्रश्न: हे चित्र अमक्याचं आहे हे ठरवलं कोणी? उत्तर ‘स्वतः प्राध्यापकांनी’ असं आलं तर जरा थांबा. मालक आणि तज्ज्ञ एकच माणूस असेल तर ते प्रमाणपत्र नाही, मालकाचं मत आहे. माणूस कितीही प्रामाणिक असो, स्वतःच्या भिंतीवरच्या चित्राबद्दल कोणीही जरा उदारच असतो. ‘बाबा नेहमी सांगायचे’ याची किंमत तर शून्य.

आणखी एक बारकावा. ‘अमुक यांचा संग्रह’ असा मथळा असलेल्या लिलावात प्रत्येक लॉट त्या संग्रहातलाच असतो असं नाही. लोकांची गर्दी होणार म्हटल्यावर इतरांचा मालही आत सरकवला जातो. लॉटखालची मालकीची नोंद एकेक वाचा.

तिसरी पायरी : कॅटलॉगची भाषा

बल्गेरियन सिरिलिक लिपी बसून शिकलात तर आठवड्याभरात वाचता येते, आणि शिकाच. भाषांतराचं ॲप हस्ताक्षरापुढे हात टेकतं. पुरतील एवढे शब्द: ‘मास्लेनि बोइ’ म्हणजे तैलरंग, ‘प्लात्नो’ कॅनव्हास, ‘कार्तोन’ पुठ्ठा, ‘श्पेरप्लात’ प्लायवुड, ‘हार्तिया’ कागद. ‘नाचाल्ना त्सेना’ ही सुरुवातीची किंमत. ‘प्रिपिस्वा से’ असं दिसलं, म्हणजे ‘यांचं असावं असं मानलं जातं’, तर हात आखडता घ्या. मापं सेंटिमीटरमध्ये, उंची आधी, फ्रेम सोडून.

जुने निकाल लेव्हामध्ये असतील. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो स्वीकारला, १ युरो म्हणजे १.९५५८३ लेव्हा हा ठरलेला दर. ढोबळ अंदाजाला लेव्हाचा आकडा निम्मा करा, झालं.

चौथी पायरी : चित्र उलटं करून बघा

फोटोत दिसतो तो चेहरा. पाठीचा फोटो कॅटलॉगमध्ये क्वचित असतो, मागितला की बहुतेक ठिकाणी पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांच्याकडे बोली लावू नका. चौकटीच्या चारही कडा, कोपऱ्यातले खिळे, लेबलं आणि हस्ताक्षर हे सगळं स्पष्ट दिसेल इतका मोठा फोटो हवा.

समजा, पुठ्ठ्यावरचं एक निसर्गचित्र आहे. समोर कोपऱ्यात सही आणि ‘१९३६’. पाठीवर पिवळट कागदाचं लेबल, त्यावर शाईने चित्रकाराचं नाव आणि चित्राचं शीर्षक. इथे बल्गेरियन शुद्धलेखन तुमच्या मदतीला येतं. १९४५च्या सुधारणेआधी व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मूक अक्षर लिहीत, इंग्रजी बी-ला डोक्यावर डावीकडे शेपूट फुटल्यासारखं दिसणारं. ‘मिलेव्ह’, ‘नेनोव्ह’ या आडनावांच्या शेवटीही ते यायचं. १९४५ मध्ये ते शब्दाच्या टोकावरून गेलं, आणि त्याबरोबर दोन जुनी अक्षरंही वर्णमालेतून गेली. तेव्हा १९३६ सालच्या म्हणवल्या जाणाऱ्या लेबलवर सगळं नवं शुद्धलेखन दिसलं, तर लेबल नंतरचं आहे. चित्र खोटं आहे असं लगेच म्हणू नका, लेबल नंतरच्या प्रदर्शनाचंही असू शकतं. शिवाय १९२१ ते १९२३ मध्ये पंतप्रधान स्तांबोलिस्कीच्या सरकारने अशीच एक सुधारणा आणली होती, ती मागे घेतली गेली तरी काही डावी मंडळी तसंच लिहीत राहिली. म्हणून हा पुरावा नव्हे, विचारायचा प्रश्न आहे. पण विचारल्यावर समोरचा गोंधळतो की शांतपणे उत्तर देतो, यावरूनही बरंच कळतं.

गावांची नावंही बोलतात. वार्ना शहराचं नाव १९४९ ते १९५६ या काळात ‘स्तालिन’ होतं, पेर्निकचं १९४९ ते १९६२ ‘दिमित्रोवो’. पाठीवरच्या पत्त्यात ‘स्तालिन’ असेल तर लेबल त्या सात-आठ वर्षांतलं. किमतीचा आकडाही बघा. १९५२ मध्ये लेव्ह बदलला, १९६२ मध्ये दहाचा एक झाला, १९९९ मध्ये हजाराचा एक. लेबलवर ‘१९६५’ आणि एका लहानशा जलरंगाला हजारोंची किंमत लिहिली असेल तर काहीतरी जुळत नाही.

चित्रकार संघाच्या प्रदर्शनांची लेबलं सगळ्यात उपयोगी. सोफियातल्या शिप्का रस्त्यावरचं ६ नंबरचं घर म्हणजे बल्गेरियन चित्रकार संघाची इमारत. ‘शिप्का ६’ एवढं म्हटलं तरी तिथल्या कुणालाही कळतं. लेबलवर प्रदर्शनाचं नाव आणि वर्ष असेल तर त्या प्रदर्शनाची छापील यादी शोधता येते, आणि यादीत शीर्षक व माप जुळलं की तुमचं अर्धं काम झालं.

पाठ एकदम स्वच्छ असेल तर? नवा कॅनव्हास मागून चिकटवलेला असू शकतो, म्हणजे मोठी दुरुस्ती झालेली. किंवा काही लपवलेलं. जानेवारी आणि मार्च १९४४ मध्ये सोफियावर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत घरं आणि स्टुडिओ जळाले, त्यामुळे युद्धाआधीच्या कामांचा इतिहास खरोखरच तुटलेला असतो. पण ‘बॉम्बहल्ल्यात कागद जळाले’ हे वाक्य सोयीचंही असतं. चित्र वाचलं आणि सगळे कागद तेवढे जळाले, हे दर वेळी कसं घडतं, हा प्रश्न मनात असू द्यावा.

पाचवी पायरी : संशय आला तर

सही हा सर्वांत दुबळा पुरावा आहे, ती कोणीही करू शकतो. तरी ती काळाशी जुळते का ते पाहा. झ्लात्युच्या १९५१ नंतरच्या चित्रावर आधीच्या उजव्या हाताची सराईत, वळणदार सही असेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट रंगाची. थॅलो ब्लू नावाचा गडद निळा रंग बाजारात आला १९३५ मध्ये. मिलेव्ह १९२७ मध्ये गेला. त्याच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात हा निळा सापडला तर ते त्याच्या हातचं नाही, यावर वाद नाही. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हाती पहिल्या महायुद्धानंतर आला, म्हणून शतकाच्या अगदी सुरुवातीच्या चित्रात तो दिसणंही खटकतं. अर्थात हे डोळ्यांना कळत नाही, प्रयोगशाळेत नमुना तपासावा लागतो. काहीशे युरोंच्या चित्रासाठी कोणी तपासणी करत नाही, परवडतही नाही. पण अतिनील दिव्याखालचा फोटो मागणं फुकट आहे. नंतर केलेली दुरुस्ती त्यात गडद डागांसारखी दिसते, आणि वॉर्निशच्या वर केलेली सहीही बरेचदा उघडी पडते.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल वाचताना पुठ्ठा आणि प्लायवुडकडे विशेष लक्ष द्या. तंगीच्या काळात चित्रकारांनी मिळेल त्यावर रंगवलं. पुठ्ठ्याचे कोपरे फुगतात, प्लायवुडचे थर सुटतात. लिका यांकोच्या चित्रात खडा निखळलाय का, निखळला तर तो जपून ठेवलाय का, हे विचारण्यात काही चुकीचं नाही.

सहावी पायरी : हातोड्याच्या पलीकडचा हिशोब

हातोडा पडतो त्या किमतीला चित्र मिळत नाही. वर लिलाव कंपनीचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन असतं, आणि त्यावर व्हॅट. समजा हातोडा १,००० युरोंवर पडला आणि प्रीमियम २० टक्के आहे. म्हणजे २०० युरो. बल्गेरियातला व्हॅट २० टक्के, तो प्रीमियमवर धरला तर आणखी ४०. झाले १,२४०. मधल्या ऑनलाइन मंचावरून बोली लावलीत तर त्याचे काही टक्के वेगळे. मग पॅकिंग, विमा, कुरिअर. लहान चित्राला हे खर्च टोचतात, कारण पेटी लहान असली तरी बनवायला मेहनत तीच.

युरोपीय संघात चित्रकार हयात असेल किंवा जाऊन ७० वर्षं झाली नसतील तर पुनर्विक्रीच्या किमतीतल्या काही टक्क्यांवर त्याचा किंवा वारसांचा हक्क असतो. ही रक्कम मुळात विकणाऱ्याने द्यायची, पण काही कंपन्या ती खरेदीदाराच्या बिलात टाकतात. नियमावलीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, वाचा. नेनोव्ह १९९७ मध्ये गेला, म्हणजे त्याच्या कामांना हा हक्क अजून बरीच वर्षं लागू.

म्हणून उलट्या बाजूने चाला. खिशातून एकूण किती जाणार ते ठरवा, सगळे खर्च वजा करा, उरेल तो आकडा कागदावर लिहा. ती तुमची शेवटची बोली.

सातवी पायरी : बोलीचा दिवस

नोंदणी दोन-तीन दिवस आधी करा, ओळखपत्र आणि कधीकधी अनामत मागतात. बोली लावायचे तीन मार्ग: ऑनलाइन, फोनवर, किंवा आधीच लेखी कमाल आकडा देऊन. लिलावाची नशा चढते हे माहीत असेल तर लेखी बोली बरी, तिथे हात आपोआप बांधलेला राहतो.

नावाजलेल्या संग्रहात पहिले काही लॉट तापतात. तिथे त्या घरात ये-जा असलेले जुने संग्राहक आणि विद्यार्थी आठवणीसाठी बोली लावत असतात, त्यांच्याशी स्पर्धा करण्यात हशील नाही. छापचित्रं आणि रेखाटनं बहुधा मागे लागतात, तोवर खोली थंडावलेली असते. तुमचं काम तिथे. वार्नात १९८१ पासून आंतरराष्ट्रीय छापचित्र द्वैवार्षिकी भरते यावरून तिकडे या माध्यमाला केवढा मान आहे हे कळतं, आणि तरी भाव तैलरंगांच्या मानाने आवाक्यात असतात. छापचित्र घेताना आवृत्ती क्रमांक, पेन्सिलने केलेली सही आणि समास कापलेले नाहीत ना, एवढं बघा.

जे लॉट विकले गेले नाहीत त्यांच्याबद्दल दुसऱ्या दिवशी ईमेल टाका. वारसांना घर रिकामं करायचं असतं, राखीव किमतीच्या (विकणाऱ्याने ठरवलेल्या किमान किमतीच्या) आसपास सौदा जमतो.

समाजवादी काळातल्या संग्रहांत भारताशी जोडलेलं साहित्य निघालं तर चकित होऊ नका. त्या काळात संस्कृती खात्याची सूत्रं राष्ट्रप्रमुख तोदोर झिव्कोव्ह यांची मुलगी ल्युदमिला झिव्कोवा हिच्याकडे होती. भारतीय तत्त्वज्ञानाची तिला फार ओढ, आणि तिच्याच पुढाकाराने १९७८ मध्ये बल्गेरियात, भारतात स्थायिक झालेला रशियन चित्रकार निकोलाय रोरिक याच्या नावाने मोठा कार्यक्रम राबवला गेला. त्या गठ्ठ्यांत जुनी कॅटलॉगं मिळतात. वाचायला मजेदार आहेत, चित्राच्या किमतीत मात्र त्यांनी काही भर पडत नाही.

आठवी पायरी : चित्र देशाबाहेर काढणं

बल्गेरियात २००९चा सांस्कृतिक वारसा कायदा लागू आहे. त्याखाली येणारी वस्तू देशाबाहेर नेताना संस्कृती मंत्रालयाचं प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो, आणि ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरलेली वस्तू कायमची बाहेर जाऊच शकत नाही. लॉटला काय लागू होतं हे बोलीच्या आधी लेखी विचारा, आणि कागद कोण काढणार, त्याचे पैसे कोण देणार हेही. ‘नंतर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

चित्र युरोपीय संघातच, म्हणजे म्युनिकला किंवा आइंडहोव्हनला राहणार असेल तर पुढे सीमाशुल्काची भानगड नाही. संघाबाहेर, म्हणजे भारतात आणायचं तर ११६/२००९ हा युरोपीय नियमही लागतो. ५० वर्षांहून जुनी आणि चित्रकाराच्या मालकीची नसलेली कामं त्यात येतात, पण ठरावीक किमतीच्या वरचीच: तैलचित्राला १,५०,००० युरो, जलरंग, ग्वाश (अपारदर्शक जलरंग) आणि पेस्टलला ३०,०००, रेखाचित्र आणि छापचित्रांना १५,०००. आपल्यासारख्या खरेदीदाराला हे आकडे लांबचे आहेत. मात्र लिलाव कंपनीने ‘परवाना लागत नाही’ म्हटलं तर ते कशाच्या आधारे, हे यावरून तपासता येतं. बल्गेरियाचा स्वतःचा कायदा मात्र या मर्यादांखालच्या कामांनाही लागू होऊ शकतो, दोन्हींची गल्लत करू नका.

भारतात उतरल्यावर शुल्क लागतं ते चित्राची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर. चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आयातीवरचा आयजीएसटीही त्याच दराने. त्याशिवाय सीमाशुल्काचा चालू दर किती, हे मुंबईतल्या कस्टम्स एजंटकडून आधी लेखी घ्या. कागदावर ‘हाताने रंगवलेलं मूळ चित्र’ असं स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं ‘फ्रेम’ किंवा ‘सजावटीची वस्तू’ लिहून पाठवलं तर वर्गवारी बदलते आणि पेटी गोदामात पडून राहते. बिलावरची किंमत कमी दाखवण्याची ‘सोय’ कोणी देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. विम्याचा दावा त्याच किमतीवर होतो, आणि पुढे विकताना तुमच्या मालकीचा पहिला कागद तोच असतो. पैसे पाठवण्याआधी बँकेला लिलावाचं बिल दाखवून रक्कम कोणत्या कारणाखाली जाणार तेही ठरवून घ्या.

नववी पायरी : घरी आल्यावर

पेटी उघडताना सलग व्हिडिओ काढा. नुकसान कळवायची मुदत कुरिअरच्या आणि विम्याच्या कागदांवर दिलेली असते, ती अगदी थोड्या दिवसांची असते.

सोफियाची हवा कोरडी, हिवाळ्यात घरं तापवलेली. तिथे पन्नास-साठ वर्षं राहिलेला पुठ्ठा जुलैत ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या घरात आला की ओल धरणारच. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर तो टांगू नका. आतल्या भिंतीवरही मागे चार बुचाचे तुकडे लावून हवा खेळेल एवढी फट ठेवा. ग्वाश, टेम्पेरा आणि कागदावरची कामं काचेखालीच हवीत, पण काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये आम्लरहित माउंट हवा. जुनी फ्रेम बदलायची झाली तर फ्रेमवाल्याला बजावून सांगा की पाठीवरची लेबलं काढायची नाहीत, त्यांच्यावर नवा खाकी कागद डकवायचा नाही. आपल्याकडे ही सवय फार आहे, ‘मागून नीटनेटकं करून देतो’ म्हणत सगळं झाकून टाकतात. लेबलवर मायलरचं, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचं पाकीट बसवून घेता येतं.

कॅटलॉग, बिल, निर्यातीचा कागद, कंपनीशी झालेले ईमेल आणि पाठीचे फोटो एका फायलीत घाला, त्यावर लॉट क्रमांक लिहा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.